धारदार सिने लेन्स आणि डिफ्यूजन फिल्टर: नागपुरात शूट करणाऱ्या नवख्यांसाठी

नागपुरात हल्ली शॉर्ट फिल्म, म्युझिक व्हिडिओ, दुकानांच्या जाहिराती, लग्नाआधीचे शूट अशा सगळ्याच कामांत सिने लेन्स दिसू लागल्या आहेत. पोरं हौसेने चार-पाच प्राइमचा (झूम न होणाऱ्या लेन्सचा) सेट भाड्याने आणतात, दिवसभर शूट करतात आणि रात्री फुटेज लॅपटॉपवर उघडलं की तक्रार एकच असते: "भाऊ, चेहरा खूपच कडक दिसून राहिला." आजच्या लेन्स बनतातच तशा. अस्फेरिकल काचा, प्रत्येक पृष्ठभागावर मल्टिकोटिंग आणि मागे ४के-६के सेन्सर. मग त्वचेची रंध्रं, मेकअपचा थर, कपाळावरचा घाम, सगळं हिशोब मागायला उभं राहतं.

यावर सगळे सुचवतात तो उपाय म्हणजे डिफ्यूजन फिल्टर. उपाय बरोबर आहे, पण वापरताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. फिल्टर लेन्सला मऊ करत नाही, तो फ्रेममध्ये असलेला उजेड पसरवतो. फ्रेममध्ये चमकणारं काही नसेल तर महागडा मिस्ट फिल्टरही जेमतेम दिसतो, आणि मागे उघडी खिडकी असेल तर सगळ्यात हलका फिल्टरही अख्खं चित्र धुरकट करतो. म्हणून कोणता फिल्टर घ्यायचा हे ठरवताना आधी फ्रेममधला उजेड बघायचा, लेन्स त्यानंतर.

१. फिल्टरआधी कॅमेरा आणि लाइट तपासा

अर्धा कडकपणा लेन्सचा नसतोच. मिररलेस कॅमेऱ्याच्या पिक्चर प्रोफाइलमध्ये 'शार्पनेस' किंवा 'डिटेल' नावाची सेटिंग असते आणि बऱ्याच प्रोफाइलमध्ये ती वर चढवलेली येते. कडांभोवती बारीक पांढरी रेघ दिसते ती याच कृत्रिम शार्पनिंगची. ती सेटिंग आधी सगळ्यात खाली आणा. ही रेघ एकदा रेकॉर्ड झाली की समोर कोणताही फिल्टर लावा, ती जात नाही, कारण ती काचेच्या मागे, कॅमेऱ्याच्या आत तयार होते.

दुसरं, अॅपर्चर. सिने लेन्सवर ते टी-स्टॉपमध्ये लिहिलेलं असतं, आकडा जितका लहान तितकं अॅपर्चर उघडं. टी १.५ ला जी लेन्स थोडी मवाळ असते तीच टी ४ ते ५.६ च्या आसपास ब्लेडसारखी धारदार होते. क्लोजअपला एक-दीड स्टॉप उघडता आलं तर उघडून बघा.

तिसरं, लाइट. उघड्या एलईडीचा कडक झोत गालावर टाकून त्यावर फिल्टरने पांघरूण घालायचा प्रयत्न बरेच जण करतात. समोर स्किमर (उजेड मऊ करणारं पातळ पांढरं कापड) किंवा बटर पेपर लावा, थर्मोकोलवरून बाऊन्स द्या. एवढं करून चेहरा अजूनही खरखरीत वाटला तरच पुढे वाचा.

२. फिल्टरची घराणी ओळखा

बाजारात नावं पन्नास आहेत, पण कामाच्या पद्धती चार-पाचच.

*मिस्ट:* काचेत अतिसूक्ष्म कण असतात, त्यांच्यावर आदळून उजेड विखुरतो. दिव्याभोवती वलय येतं, कॉन्ट्रास्ट उतरतो, बारीक तपशील थोडा मऊ होतो. टिफेनचा प्रो-मिस्ट हा यातला जुना नमुना. त्याचाच ब्लॅक प्रो-मिस्ट आज सर्वात जास्त मागितला जातो. त्यात काळे कण मिसळलेले असतात. ते विखुरलेला थोडा उजेड शोषून घेतात, त्यामुळे काळे भाग साध्या प्रो-मिस्टइतके वर उचलले जात नाहीत. श्नायडरचे ब्लॅक फ्रॉस्ट, मोमेंटचे सिनेब्लूम, के अँड एफ किंवा निसीचे ब्लॅक मिस्ट हे सगळे याच वाटेने जातात.

*लेन्सलेट:* श्नायडरचा क्लासिक सॉफ्ट वेगळ्या तऱ्हेने चालतो. काचेत अगदी छोट्या छोट्या लेन्स असतात. त्या मूळ धारदार प्रतिमेवर तीच प्रतिमा किंचित आउट ऑफ फोकस करून चढवतात. त्वचेच्या सुरकुत्या आणि रंध्रं मावळतात, पण डोळ्यांतली चमक राहते आणि कॉन्ट्रास्ट फारसा पडत नाही. तुमची तक्रार फक्त चेहऱ्याची असेल तर मिस्टआधी हा मागवा. लोक मिस्ट मागतात कारण रीलमध्ये त्याचंच नाव ऐकलेलं असतं.

*मिश्र:* श्नायडरचा हॉलिवूड ब्लॅक मॅजिक म्हणजे क्लासिक सॉफ्ट आणि १/८ ब्लॅक फ्रॉस्ट एकाच काचेत. चेहरा मऊ आणि दिव्यांना हलकं वलय, दोन्ही एकदम. एकच फिल्टर परवडत असेल तर माझं मत यालाच. टिफेनचा ग्लिमरग्लासही सौम्य आणि चेहऱ्याला मानवणारा. त्याची काच समोरून चमचमते. ते बघून कलाकार विचारतात, घाबरू नका.

*लो कॉन्ट्रास्ट आणि अल्ट्रा कॉन:* हे उजेड सावल्यांमध्ये पसरवतात. धार कमी करायला यांचा उपयोग नाही. नावामुळे गोंधळ होतो म्हणून सांगितलं.

*जाळी:* म्हणजे चक्क बायकांचे पातळ स्टॉकिंग, लेन्सच्या मागे ताणून लावलेले. याबद्दल आठव्या पायरीत.

३. नंबरावर विसंबू नका

१/८, १/४, १/२, १, २ असे नंबर असतात. ते एकाच कंपनीच्या एकाच मालिकेत तुलनेला ठीक, बाहेर त्यांना अर्थ नाही. ग्लिमरग्लासचा १ सौम्य असतो. ब्लॅक प्रो-मिस्टचा १ लावाल तर काचेवर कोणी तेलकट बोट फिरवल्यासारखं दिसेल. सिनेब्लूम तर ५, १० आणि २० टक्के असे आकडे देतं.

नवख्यांनी १/८ आणि १/४ हे दोनच घ्यावेत. १/२ ला काम आहे, स्वप्नाचा किंवा जुन्या आठवणीचा प्रसंग वगैरे, पण सबंध फिल्मवर १/२ लावलेली बघितली की वीस मिनिटांनी डोळे चोळावेसे वाटतात.

आणि मुख्य गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही: फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) वाढली की तोच फिल्टर जोरात दिसतो. २५ मिमीवर जेमतेम जाणवणारा १/४ हा ८५ मिमीवर भरपूर वाटतो. वाइड शॉटला १/४ आणि क्लोजअपला ८५ वर तोच १/४ ठेवलात तर कटवर चेहरा एकदम ढगात गेल्यासारखा दिसेल. साधारण रीत अशी: ३५ मिमीपर्यंत १/४, ५० ला डोळ्यांनी ठरवा, ७५-८५ च्या पुढे १/८. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर तीच फ्रेम मिळवायला सुपर ३५ (त्याहून लहान सेन्सर) पेक्षा लांब लेन्स लागते, म्हणून तिथे आणखी हात आखडता घ्या.

४. साइज मोजा, मग फोन करा

नागपुरात स्क्रू-इन (लेन्सच्या पुढच्या आट्यांवर फिरवून बसणारे) फिल्टर सहज मिळतात, सिने साइजच्या चौकोनी काचा मात्र बहुतेक वेळा मुंबईहून मागवाव्या लागतात. समृद्धीने आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने माल लवकर येतो हे खरं, पण चुकीच्या साइजची काच ७०१ किलोमीटर येऊन परत गेली तर तेवढा दिवस गेलाच. म्हणून आधी हे बघा:

- लेन्सच्या पुढच्या कडेचा व्यास. झाइस सुप्रीम प्राइम आणि सीपी.३ मधल्या बहुतेक लेन्सचा ९५ मिमी, मास्टर प्राइम आणि एरी सिग्नेचर प्राइममधल्या बहुतेकांचा ११४ मिमी, डीझेडओफिल्मच्या व्हेस्पिडमधल्या बहुतेकांचा ८० मिमी. क्लिप-ऑन मॅट बॉक्सची (लेन्सच्या पुढे बसणारी, ऊन अडवणारी आणि फिल्टरचे ट्रे धरणारी पेटी) रिंग याच मापाची हवी, नाहीतर अॅडॉप्टर रिंग सोबत मागा.
- मॅट बॉक्सचा ट्रे कोणत्या मापाचा आहे: ४ × ५.६५ इंच की ४ × ४. आजकाल पहिलाच सर्रास चालतो. काचेची जाडी साधारण ४ मिमी असते. पातळ काच ट्रेमध्ये खडखडते.
- ट्रे किती आहेत. एनडी (उजेड कमी करणारी करडी काच) आणि डिफ्यूजन दोन्ही लावायचे तर किमान दोन.
- रॉडवर बसणारा मॅट बॉक्स असेल तर रॉड १५ मिमी की १९ मिमी.
- स्क्रू-इन वापरणार असाल तर सेटमधल्या सगळ्या लेन्सचे थ्रेड एकाच मापाचे आहेत का. नसतील तर सर्वात मोठ्या मापाचा फिल्टर आणि बाकीच्यांना स्टेप-अप रिंग.

भाड्याने घेताना आधार आणि पॅनची प्रत, कंपनीच्या नावाने बिल हवं असेल तर जीएसटी नंबर, आणि डिपॉझिट किंवा चेक यांची तयारी ठेवा. माल हातात आला की चलनावर सही करण्याआधी प्रत्येक काच काळ्या कापडावर धरून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि ओरखडे, कोपऱ्याचे टवके यांचे फोटो काढून त्याच वेळी पाठवा. डिफ्यूजनच्या काचेवरचा ओरखडा साध्या नजरेला दिसत नाही, तो तिरक्या उजेडातच सापडतो. भाडेवाल्याच्या माणसालाही हे माहीत असतं.

५. टेस्ट करा, आणि ती फोनवर बघू नका

एक संध्याकाळ काढा. एक चेहरा, त्याच्या मागे एक उघडा एलईडी बल्ब, एका बाजूला काळं कापड, दुसऱ्या बाजूला पांढरा शर्ट, आणि बारीक अक्षरांचं वर्तमानपत्र. टेस्टसाठी माणूस शक्यतो तोच हवा जो फिल्ममध्ये आहे. सावळ्या त्वचेवर कपाळाची आणि गालाच्या हाडाची चमक जास्त उठून दिसते आणि फिल्टर नेमकी तीच पसरवतो, म्हणून गोऱ्या मित्रावर केलेली टेस्ट उपयोगाची नाही.

आधी फिल्टरशिवाय शॉट घ्या. मग प्रत्येक फिल्टर, प्रत्येक लेन्सवर, एकाच टी-स्टॉपला. पाटीवर लेन्स आणि फिल्टरचं नाव लिहा, नाहीतर रात्री सगळे शॉट सारखेच दिसतात. एक्सपोजर वाढवायची गरज बहुतेक वेळा पडत नाही, पण वेव्हफॉर्म (मॉनिटरवरचा उजेडाचा आलेख) लावून ठेवा. काळ्या कापडाची रेघ फिल्टरने किती वर उचलली हे तिथे स्पष्ट दिसतं. पांढऱ्या शर्टावर रंगाची झाकही तपासा. स्वस्त फिल्टर कधी पिवळट, कधी हिरवट जातात.

मग एक चक्कर रात्रीच्या सीताबर्डीत किंवा फुटाळ्याच्या काठावर. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे हेडलाइट, पाण्यातली प्रतिबिंबं अशा खऱ्या दिव्यांत फिल्टरचा स्वभाव कळतो. गर्दीत ट्रायपॉड मांडणार असाल तर परवानगीचं आधी बघा.

फुटेज निदान २४ इंची मॉनिटरवर बघा, जमलं तर प्रोजेक्टरवर. कॅमेऱ्यावरच्या ५ इंची पडद्यावर वलय दिसतं, पण तपशील किती गेला ते दिसत नाही. म्हणून माणूस सेटवर "अजून थोडा, अजून थोडा" करत वरचा नंबर लावत जातो. मोठ्या पडद्यासाठी काम असेल तर मनात ठरलेल्या नंबराच्या एक पायरी खाली थांबा.

६. नागपूरचं ऊन, कूलर आणि धुकं

हा भाग इथल्यांसाठीच.

नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या, नाक आणि कपाळ पांढरं. मिस्ट फिल्टर इथे कपाळालाच आणखी चमकवतो, डोळे काही उजळत नाही. त्यातून वरचं ऊन फिल्टरच्या काचेवरच पडतं आणि सगळी फ्रेम दुधाळ होते. मॅट बॉक्सचा वरचा फ्लॅग लावल्याशिवाय दुपारी डिफ्यूजन लावूच नका. फ्लॅग पुरत नसेल तर लाइटबॉयला कटर (ऊन अडवणारा काळा पडदा) घेऊन उभं करा. कटरची सावली फक्त काचेवर पडली पाहिजे, कलाकारावर नाही. खरं तर दुपारी बारा ते तीन इनडोअर सीन ठेवा. युनिटही दुवा देईल.

पांढऱ्या पार्श्वभूमीपासून जपा. दीक्षाभूमीचा घुमट, उन्हाळ्यातलं पांढरं पडलेलं आकाश, चुन्याच्या भिंती, यांच्यासमोर उभ्या माणसाचे केस आणि खांद्यांच्या कडा फिल्टरमध्ये विरघळतात. याउलट काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत पानांतून ठिपक्यांनी ऊन झिरपतं, तिथे १/८ ब्लॅक मिस्ट फार गोड काम करतो. महालातल्या जुन्या वाड्यात, एका खिडकीच्या उजेडात, खिडकी फ्रेमबाहेर ठेवून क्लासिक सॉफ्ट लावून बघा.

लग्नाच्या कामात जरी, मोत्यांचे दागिने आणि एलईडीच्या माळा असतात. तिथे १/४ म्हणजे प्रत्येक टिकलीला वलय. १/८ पुरे.

कूलरसमोर मॅट बॉक्स उघडा ठेवू नका. कूलरच्या हवेत पाण्याचे बारीक थेंब असतात. ते काचेवर सुकले की क्षारांचे ठिपके राहतात आणि बॅकलाइटमध्ये ठिपका न् ठिपका पेटतो. पावसाळ्यात एसी खोलीतून काच थेट बाहेर आणली तर तिच्यावर दव धरतं, म्हणून पेटी अर्धा तास आधी बाहेर आणून बंदच ठेवा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे अंबाझरीवर धुकं असेल तर फिल्टर काढा. हवेने ते काम आधीच केलेलं असतं.

काच पुसायची तर आधी ब्लोअर, मग लेन्स टिश्यूवर एक थेंब पॅनक्रो (लेन्स साफ करायचं द्रावण). उन्हासाठी तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्याने पुसणारे असिस्टंट मी पाहिले आहेत. त्या दुपट्ट्यात रस्त्याची सगळी धूळ असते.

७. शूटच्या दिवशी

काचा जितक्या कमी तितकं बरं. कॅमेऱ्यात इंटर्नल एनडी असेल तर तोच वापरा आणि समोर फक्त डिफ्यूजन ठेवा. दोन काचा लावाव्याच लागल्या तर कोणती पुढे यावरून वाद घालण्यापेक्षा दोघींमधलं परावर्तन बघा. फ्रेममध्ये हेडलाइट किंवा मेणबत्ती असेल तर तिची उलटी, पुसट प्रतिमा तरंगताना दिसते. ट्रे टिल्ट होत असेल तर एक काच किंचित कलती करा, प्रतिमा फ्रेमबाहेर जाते.

वाइड लेन्स, बंद अॅपर्चर आणि जवळचा फोकस एकत्र आले की काचेतले कणच धुळीसारखे दिसू लागतात. टी ११ ला १८ मिमीवर उन्हात शूट करताना हे हमखास होतं. एनडी वाढवून अॅपर्चर उघडा.

फोकस पुलरला आधी सांगा की आज डिफ्यूजन आहे. पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी मॉनिटरची सोय) फसवतं, कारण त्याला पकडायला कडाच मिळत नाहीत. शक्य तिथे टेप लावून मोजा, मोठा मॉनिटर द्या, किंवा फिल्टर काढून फोकसच्या खुणा करून घ्या. समोरच्या फिल्टरने त्या हलत नाहीत.

दर शॉटला लेन्स, टी-स्टॉप आणि फिल्टर कॅमेरा रिपोर्टमध्ये लिहा. दोन आठवड्यांनी पॅच शूट निघतं तेव्हा "त्या दिवशी काय लावलं होतं बे?" या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसतं.

ग्रीन स्क्रीन असेल तर फिल्टर बाहेर, चर्चा नाही. हिरवा रंग केसांच्या कडांत पसरतो आणि कीइंग करणारा (हिरवा काढून दुसरी पार्श्वभूमी बसवणारा) तुम्हाला शिव्या घालतो. व्हीएफएक्सच्या शॉटला एक स्वच्छ टेक फिल्टरशिवाय घ्याच. उत्पादनाचं लेबल वाचता यायला हवं अशा जाहिरातीतही तेच.

फक्त नायिकेच्या क्लोजअपला जड फिल्टर आणि समोरच्या नटाला काहीच नाही, ही जुनी खोड टाळा. संवाद कापताना दोन वेगळ्या फिल्म जोडल्यासारख्या दिसतात.

८. जाळी लावायची असेल तर

खर्च नगण्य, परिणाम सुंदर, कटकट जास्त. इतवारीत होजिअरीच्या दुकानात पातळ काळं स्टॉकिंग मिळतं. काळी जाळी कॉन्ट्रास्ट सांभाळते, त्वचेच्या रंगाची किंवा पांढरी जास्त फुलते. ती लेन्सच्या मागच्या कडेवर सारखी ताणून दुहेरी चिकट टेपने लावतात. ताण बदलला की परिणाम बदलतो, म्हणून सगळ्या लेन्सवर एकाच हाताने लावा. जाळी सेन्सरला किंवा माउंटच्या आतल्या भागाला लागणार नाही इतकी जागा आहे ना, हे पहिल्यांदा तपासा, आणि मागून लावल्यावर फोकसच्या खुणा पुन्हा बघा. बिंदूसारखे दिवे फ्रेममध्ये असतील तर त्यांना बारीक चौफुल्यासारखी किरणं येतात. हवी असतील तर उत्तम. भाड्याच्या लेन्सवर मागे टेप लावण्याआधी मालकाला विचारा. बहुतेक जण नाही म्हणतात आणि त्यांचं चुकत नाही.

९. ग्रेडिंगला देताना

"फिल्टर कशाला, रिझॉल्व्हमध्ये (फुटेजचे रंग सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ग्लो टाकू" असं म्हणणारे भेटतील. हलक्या कामाला ते चालतंही, आणि तिथे नंतर कमी करायची सोय आहे. काचेतून आलेलं धुकं काढता येत नाही. पण सेन्सरवर दिवा जळून पांढरा झाला की तो खरा किती तेजस्वी होता ही माहिती फाइलमध्ये उरत नाही. काचेला ती माहिती उजेडातूनच मिळते, म्हणून तिचं वलय जास्त खरं वाटतं. फ्रेमबाहेरच्या दिव्याचा उजेडही काच पसरवते, सॉफ्टवेअरला तो दिवा माहीतच नसतो.

शूट १० बिट लॉगमध्ये (ग्रेडिंगसाठीचं फिकं दिसणारं प्रोफाइल) ठेवा. वलयाचा हळू विरणारा उतार ८ बिटमध्ये पट्ट्या दाखवतो आणि यूट्यूबच्या कॉम्प्रेशनमध्ये त्या आणखी रुंद होतात. कलरिस्टला कॅमेरा रिपोर्ट द्या आणि दोन गोष्टी बजावा: काळे भाग थोडे खाली आणायचे, शार्पन वाढवायचं नाही. हे दुसरं वाक्य लिहूनच द्या. फुटेज मऊ दिसलं की अनेकांचा हात आपोआप त्या बटणाकडे जातो.

माल परत पाठवताना काचा आपापल्या पाउचमध्ये गेल्या का, ट्रे मोजून चलनाशी जुळले का आणि स्टेप-अप रिंगा लेन्सवरच राहिल्या नाहीत ना, हे बघून मगच पेटी ट्रॅव्हल्सच्या डिकीत द्या.